टन, किलो, न्यूटन, डाइन: बलाचा आकडा एका एककातून दुसऱ्यात नेताना

काँक्रीट तपासणीच्या प्रयोगशाळेत जुन्या दाबयंत्राच्या डायलवर काटा ५७ टनांशी थांबतो आणि क्यूब, म्हणजे काँक्रीटचा नमुन्याचा चौकोनी ठोकळा, फुटतो. शेजारच्या नव्या यंत्राच्या पडद्यावर आकडे किलोन्यूटनमध्ये येतात. रिपोर्ट द्यायचा असतो न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. तेवढ्यात साइटवरून ठेकेदाराचा फोन येतो, "साहेब, किती किलोला फुटला आपला क्यूब?" डिप्लोमा करून नुकत्याच कामाला लागलेल्या मुलामुलींची पहिली भंबेरी इथेच उडते. मीही त्यातलाच एक होतो, ते पुढे सांगतो.

हिशेब म्हणाल तर एका गुणाकाराचा आहे. पण इतकी वर्षं नवख्यांच्या वह्या तपासताना दिसलंय ते असं, की गुणाकार सहसा चुकत नाही. चूक त्याच्या आधीच झालेली असते, हातातला आकडा नक्की कशाचा आहे हे विचारायचं राहून गेलेलं असतं. म्हणून कॅल्क्युलेटर जरा बाजूला ठेवा.

पहिली पायरी: आकडा बलाचा की वस्तुमानाचा?

आपल्या बोलण्यात 'किलो' हा एकच शब्द दोन कामं करतो. वाण्याच्या दुकानातला जुना दोन पारड्यांचा तराजू आठवा. एका पारड्यात एक किलोचं वजनमाप, दुसऱ्यात साखर. दोन्हींना पृथ्वी सारखीच ओढते, त्यामुळे तराजू खरं तर वस्तुमानाची तुलना करतो. आता रद्दीवाल्याचा आकड्याला लटकणारा स्प्रिंगचा काटा घ्या. तो स्प्रिंग किती ताणली गेली ते दाखवतो, म्हणजे बल मोजतो. पट्टीवर मात्र 'किलो' छापलेलं असतं.

पृथ्वीवर दोघांचे आकडे जुळतात, म्हणून कुणाला फरक जाणवत नाही. दोघांनाही चंद्रावर नेलं तर वाण्याचा तराजू एक किलो साखरेला एक किलोच म्हणेल, कारण वजनमापही तितकंच हलकं झालेलं असेल. रद्दीवाल्याचा काटा मात्र एक किलो रद्दीला जेमतेम १६५ ग्रॅम दाखवेल. (रद्दी विकणाऱ्यांनी चंद्रावर स्थायिक होऊ नये.)

हा घोळ जुना आहे. १९०१ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तिसऱ्या बैठकीत तो मिटवायचा प्रयत्न केला. किलोग्रॅम हे वस्तुमानाचं एकक, वजन हे बलाच्या जातीचं, असं तिथे ठरलं. त्याच बैठकीत गुरुत्वीय त्वरणाची एक प्रमाण किंमतही नक्की केली: ९.८०६६५ मीटर प्रति सेकंद वर्ग. हा आकडा पाठ करा. मेट्रिक बलांच्या साऱ्या रूपांतरात पाठ करण्यासारखं एवढंच आहे.

एक किलोग्रॅम वस्तुमानावर या प्रमाण गुरुत्वाने जेवढं बल लागतं, ते एक किलोग्रॅम-बल. कारखान्यात त्याला 'केजीएफ' म्हणतात, बोलताना तर नुसतं 'किलो'. काही जुन्या युरोपीय यंत्रांवर 'केपी', म्हणजे किलोपाँड, लिहिलेलं सापडतं. ते हेच.

मग ओळखायचं कसं? माझा ठोकताळा असा: जे विकत घेतलं, उचललं, गाडीत भरलं, ते वस्तुमान. जे दाबतं, ताणतं, तोडतं, पिळतं, ते बल. सिमेंटची ५० किलोची गोणी हे वस्तुमान. लिफ्टमधल्या पाटीवरचं '१३ व्यक्ती, ८८४ किलो' हेही वस्तुमान (एका माणसाचे ६८ किलो धरलेत, गुणून बघा). पण त्याच लिफ्टच्या दोराला किती ताण बसेल हा प्रश्न आला, की आपण बलाच्या मुलखात शिरलो. यंत्राच्या डायलवरचे टन, बोल्ट आवळण्याचे 'किलो-मीटर', टायरच्या हवेचे 'किलो' ही सगळी बलं किंवा बलापासून निघालेल्या राशी.

इथे एक बारकावा सांगतो, कारण हुशार मुलं याच ठिकाणी अडकतात. "सर, महाराष्ट्रात गुरुत्व ९.७८ ते ९.७९ च्या दरम्यान असतं ना? मग ९.८०६६५ ने का गुणायचं?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं, की किलोग्रॅम-बल हे ठरवून दिलेलं एकक आहे, ते गावागणिक बदलत नाही. किलोग्रॅम-बलाचे न्यूटन करताना तुम्ही पुण्यात असा की ध्रुवावर, ९.८०६६५ च. पण एखादं ५० किलो वस्तुमान पुण्यात खरोखर किती बलाने खाली ओढलं जातं हे काढायचं असेल, तर पुण्याचं गुरुत्व घ्यायचं. फरक साधारण ०.२ टक्के पडतो. रोजच्या कामात तो कुणी विचारत नाही. यंत्रांचं कॅलिब्रेशन करणारे मात्र विचारतात.

दुसरी पायरी: मंडळींची ओळख

मुख्य पात्र न्यूटन. एक किलोग्रॅम वस्तुमानाला एक मीटर प्रति सेकंद वर्ग एवढं त्वरण देणारं बल. व्याख्येत गुरुत्वाचा उल्लेखही नाही, हे लक्षात घ्या. न्यूटन चंद्रावरही तेवढाच. हे नाव अधिकृत झालं १९४८ मध्ये.

डाइन त्याच्याहून वयाने मोठं, १८७३ सालचं, सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीतलं. एक ग्रॅमला एक सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण देणारं बल. ग्रॅम हा किलोग्रॅमचा हजारावा भाग, सेंटिमीटर मीटरचा शंभरावा. हजार गुणिले शंभर, म्हणून एका न्यूटनमध्ये एक लाख डाइन. इंग्रजी पुस्तकांत हे दहाचा पाचवा घात म्हणून पाठ करावं लागतं, आपल्याकडे त्याला 'लाख' असा सरळ शब्दच आहे. मी शिकवताना तोच वापरतो, विसरायला होत नाही.

हे वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्या:

१ न्यूटन = १,००,००० डाइन
१ किलोन्यूटन = १,००० न्यूटन
१ मेगान्यूटन = १,००० किलोन्यूटन = १० लाख न्यूटन
१ ग्रॅम-बल = ९८०.६६५ डाइन
१ किलोग्रॅम-बल = ९.८०६६५ न्यूटन
१ टन-बल = ९.८०६६५ किलोन्यूटन

शेवटच्या दोन ओळी बघा. किलोला न्यूटन, टनाला किलोन्यूटन, आणि आकडा तोच. दोन्हीकडे हजारपट झाली की गुणक हलत नाही.

फ्रेंच मीटर-टन-सेकंद पद्धतीत 'स्थेन' नावाचं एकक होतं. ते म्हणजे आपलं एक किलोन्यूटनच. आता भेटणार नाही. भेटलं तर घाबरू नका.

तिसरी पायरी: न्यूटनवर उतरा

मुंबईत वेस्टर्नवरून सेंट्रलला जायचं तर आपण दादरला गाडी बदलतो. कुठून आलोय आणि कुठे जायचंय याचा फार विचार करत नाही, आधी दादर गाठतो. एककांचं दादर म्हणजे न्यूटन. टनातून डाइनमध्ये जायचा थेट गुणक शोधत बसू नका. आधी न्यूटन, मग पुढचं.

न्यूटनकडे येताना गुणायचं, न्यूटनपासून निघताना भागायचं. किलोग्रॅम-बल आहे? ९.८०६६५ ने गुणा, न्यूटन आले. न्यूटनचे किलोग्रॅम-बल हवेत? ९.८०६६५ ने भागा. डाइन आहे? एका डाइनमध्ये ०.००००१ न्यूटन, तेवढ्याने गुणा. थोडक्यात, एका लाखाने भागा. दिशा विसरलात तर स्वतःला विचारा: एकक लहान झालं की मोठं? एकक लहान झालं तर आकडा फुगतो. शंभराच्या नोटेची चिल्लर केली की खिसा फुगतो, तसं.

दोन टप्पे घेतल्याने वेळ जातो अशी तक्रार येते. जातो, अर्धा मिनिट. पण थेट गुणकांची यादी पाठ करणाऱ्याला महिन्याभराने त्यातला एखादा उलटा आठवतो, आणि ते त्याला कळतही नाही.

चौथी पायरी: क्यूबचं उदाहरण, पूर्ण

आता ते ५७ टन. क्यूब १५० मिलिमीटरचा, म्हणजे दाब बसणारं क्षेत्रफळ १५० गुणिले १५०, २२,५०० चौरस मिलिमीटर. काँक्रीट एम २५ (म्हणजे २८ दिवसांनी २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकद अपेक्षित असलेलं), वय २८ दिवस.

५७ टन-बल × ९.८०६६५ = ५५८.९८ किलोन्यूटन
म्हणजे ५,५८,९८० न्यूटन
÷ २२,५०० = २४.८४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर

मी नवीन असताना नेमका असाच क्यूब माझ्यासमोर आला होता. मी शहाणपणा करून टनांना सरळ दहाने गुणलं: ५७० किलोन्यूटन, भागिले २२,५००, आले २५.३३. रुबाबात लिहून टाकलं. वरिष्ठांनी वही उघडली, पेन्सिलीने दहाच्या भोवती एक गोल काढला आणि काही न बोलता वही परत सरकवली. एका गोलाने पंचविसाच्या वर असलेला क्यूब पंचविसाच्या खाली आला होता. काँक्रीट पास की नापास हे एका क्यूबवर ठरत नाही, सरासरीचे नियम वेगळे आहेत. पण कागदावर मी जो आकडा सही करून देणार होतो तो खोटा होता.

दहा आणि ९.८०६६५ यांतला फरक सुमारे दोन टक्के. दोन टक्के म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण चाचणी यंत्रांच्या आयएसओ ७५००-१ या मानकात वर्ग १ च्या यंत्राला बलाच्या वाचनात एक टक्क्याचीच चूक माफ आहे. लाखांचं यंत्र घ्यायचं, दरवर्षी पैसे मोजून कॅलिब्रेशन करायचं, आणि त्याच्या दुप्पट चूक तोंडी गुणाकारात घालवायची!

यातलीच दुसरी गंमत भार वाढवण्याच्या वेगाची. काँक्रीटच्या ताकदीच्या चाचण्यांचं भारतीय मानक आयएस ५१६, त्याच्या १९५९ च्या आवृत्तीत क्यूबवर भार मिनिटाला १४० किलो प्रति चौरस सेंटिमीटर या वेगाने वाढवायला सांगितलंय. १५० मिलिमीटरच्या क्यूबचं क्षेत्र २२५ चौरस सेंटिमीटर, म्हणून मिनिटाला ३१,५०० किलोग्रॅम-बल. न्यूटनच्या दादरवरून गेलात तर ३०८.९ किलोन्यूटन मिनिटाला, म्हणजे सेकंदाला ५.१५. तेच १४० किलो आधीच 'साधारण १४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर' असं गोल करून घेतलं, तर उत्तर येतं सेकंदाला ५.२५. दोन प्रयोगशाळांत दोन आकडे दिसले आणि दोघंही आपलंच खरं म्हणत असले, तर भांडण या गोल करण्याचं असतं.

दहाने गुणणं कधी चालतं?

मग दहा वापरायचंच नाही का? वापरायचं की. साइटवर उभं राहून तोंडी हिशेब करताना मीही दहाच वापरतो. फक्त कुठल्या बाजूला चुकतोय हे माहीत पाहिजे.

भार टनात दिलाय आणि तुम्ही दहाने गुणून किलोन्यूटन काढले, तर भार खऱ्यापेक्षा जास्त धरला गेला. चूक सुरक्षित बाजूला. ताकद किलोन्यूटनमध्ये दिली आहे आणि तुम्ही दहाने भागून टन काढले, तर ताकद कमी धरली गेली. हेही सुरक्षित. उलट, ताकद टनात आहे आणि दहाने गुणलं, तर नसलेली ताकद कागदावर आली. माझा क्यूब याच खड्ड्यात पडला. आणि भार किलोन्यूटनमध्ये असताना दहाने भागून टन सांगितले, तर क्रेनवाल्याला भार कमी सांगितला.

समजा, वायररोपच्या सर्टिफिकेटवर तुटण्याचं किमान बल ९० किलोन्यूटन आहे. नीट भागलं तर ९.१८ टन, दहाने भागलं तर ९ टन. सुरक्षा गुणांक ५ धरला तर उचलायला मिळतात १.८४ किंवा १.८ टन. इथे दहा धरणारा माणूस सावध ठरतो, त्याला मी हटकत नाही. पण रिपोर्टवर, बिलावर, सर्टिफिकेटवर जाणारा आकडा ९.८०६६५ चाच. ९.८१ वापरलं तरी फरक ०.०३ टक्के, त्याला माझी हरकत नाही.

पाचवी पायरी: बल दुसऱ्या एककाच्या पोटात लपलेलं असेल तर

नुसतं बल फार कमी वेळा भेटतं. बहुतेक वेळा ते क्षेत्रफळाने भागलेलं, लांबीने गुणलेलं किंवा लांबीने भागलेलं असतं. तिथे बल बदलून क्षेत्रफळ तसंच ठेवलं की घात होतो.

आधी दाब आणि प्रतिबल. एक किलो प्रति चौरस सेंटिमीटरचे न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर करायचेत. वर ९.८०६६५ ने गुणायचं, खाली एका चौरस सेंटिमीटरचे १०० चौरस मिलिमीटर होतात. उत्तर ०.०९८०६६५. म्हणजे ढोबळमानाने दहाने *भागायचं*, गुणायचं नाही. जुन्या नकाशांवर एम १५०, एम २०० अशी काँक्रीटची नावं दिसतात, ती आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाच्या १९६४ च्या आवृत्तीतली, किलो प्रति चौरस सेंटिमीटरमधली. १९७८ च्या आवृत्तीत ती एम १५, एम २० झाली. नीट गणित केलं तर २०० किलोचे १९.६१ न्यूटन होतात. समितीने तो गोल करून २० केला. जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचं काम आलं आणि नकाशावर 'एम २००' दिसलं, तर ते आजचं एम २०० समजून हुरळून जाऊ नका.

टायरच्या हवेचंही हेच. 'दोन किलो हवा भर' म्हणजे दोन किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे १९६ किलोपास्कल, म्हणजे १.९६ बार.

मग टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर: बल गुणिले लांबी. गॅरेजमध्ये कुणी 'अकरा किलोने आवळ' म्हणालं, तर त्याच्या मनात किलोग्रॅम-बल-मीटर असतो. टॉर्क रेंचवर न्यूटन-मीटर. लांबी दोन्हीकडे मीटरच, म्हणून गुणक परत ९.८०६६५: चाकाच्या नटाला ११० न्यूटन-मीटर सांगितले असतील तर ते ११.२ किलोग्रॅम-बल-मीटर. पण रोबोटिक्सच्या मुलांकडच्या त्या निळ्या चिमुकल्या सर्वो मोटरवर '१.८ किलो-सेंटिमीटर' लिहिलेलं असतं. इथे लांबीही बदलते. १.८ × ९.८०६६५ भागिले १००, उत्तर ०.१७७ न्यूटन-मीटर. शंभराने भागायचं राहिलं, तर कागदावरचा रोबोट हत्ती उचलेल आणि टेबलावरचा जागचा हलणार नाही.

आता डाइन. हे एकक पुस्तकातच उरलंय असं वाटत असेल, तर प्लॅस्टिकच्या पिशव्या छापणाऱ्या कारखान्यात एकदा जाऊन या. तिथे फिल्मला शाई धरेल की नाही हे बघायला डाइन पेनने रेघ मारतात. "अडतीस आहे का?" हा प्रश्न तिथे दिवसातून दहा वेळा ऐकू येतो. म्हणजे ३८ डाइन. पण कशाचे? इथे बोलण्यात अर्धं एकक गाळलेलं आहे. खरं एकक डाइन प्रति सेंटिमीटर. न्यूटनवर उतरा: ३८ डाइन म्हणजे ०.०००३८ न्यूटन, एका सेंटिमीटरवर. एका मीटरवर शंभरपट, ०.०३८ न्यूटन. म्हणजे ३८ मिलिन्यूटन प्रति मीटर. आकडा तोच राहिला! डाइन प्रति सेंटिमीटर आणि मिलिन्यूटन प्रति मीटर यांत गुणकच लागत नाही, कारण बल लाखाने बदललं, लांबी शंभराने आणि 'मिलि'ने उरलेले हजार गिळले. नव्या इंपोर्टेड शाईच्या डब्यावर मिलिन्यूटन बघून गोंधळलेल्या ऑपरेटरला हे सांगा, चहा मिळेल. तुलनेसाठी, खोलीच्या तापमानाला पाण्याचं पृष्ठताण सुमारे ७२ असतं, याच एककात.

किलोन्यूटनला 'किती किलो लटकतील' असं वाचू नका

सह्याद्रीत सुळके चढणाऱ्या नव्या मुलांसाठी हा भाग. कॅराबिनरच्या (दोर अडकवायच्या, उघडझाप होणाऱ्या फाटकाच्या धातूच्या कडीच्या) पाठीवर २२ किलोन्यूटन आणि फाटक उघडं असताना ७ किलोन्यूटन असं काहीसं कोरलेलं असतं. भागाकार केला की २२ चे २,२४३ किलोग्रॅम-बल होतात. "म्हणजे तीस जण लटकले तरी चालेल!" असं म्हणून मंडळी खूश होतात.

गणित बरोबर, वाचन चूक. ७० किलोचा माणूस दोराला *स्वस्थ* लटकला तर ०.६९ किलोन्यूटन. तोच चार मीटर खाली पडला आणि ताणल्या जाणाऱ्या दोराने त्याला पुढच्या एका मीटरात थांबवलं, तर सरासरी बल वजनाच्या पाचपट, ३.४ किलोन्यूटन. आणि न ताणणाऱ्या पट्टीने त्याला दहा सेंटिमीटरमध्ये थांबवलं तर? चार मीटर दहा सेंटिमीटर भागिले दहा सेंटिमीटर, एकेचाळीसपट. म्हणजे २८ किलोन्यूटन. २२ च्या वर. हा कागदी आणि सरासरीचा हिशेब आहे, खऱ्या पडण्यात बऱ्याच गोष्टी मिसळतात. पण माणूस तोच, उंची तीच, आणि बल आठपट, हे त्यातून दिसतं. पहिल्या पायरीवरचा प्रश्न इथे परत उभा राहतो. ७० किलो हे वस्तुमान, २२ किलोन्यूटन हे बल. दोघांच्या मध्ये त्वरण आहे, आणि ते दर वेळी ९.८०६६५ नसतं.

सहावी पायरी: उत्तर हातात धरून बघा

उत्तर आलं की ते शक्य आहे का, हे अंगाच्या मापाने तपासा. अर्धा लिटर दुधाची पिशवी हातात धरलीत की हाताला जवळपास पाच न्यूटन लागतात. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर साधारण २९० न्यूटन. सिमेंटची गोणी ४९०. दोन गोण्या म्हणजे साधारण एक किलोन्यूटन. एवढ्या चार खुणा मनात असल्या, तर खोलीचं दार ढकलायला ३ किलोन्यूटन लागतात असं उत्तर आल्यावर तुम्हाला आपोआप सहा गोण्या दिसतील आणि तुम्ही वही परत उघडाल.

डाइनची खूण उलटी: एका ग्रॅमचं वजन साधारण हजार डाइन.

मोबाइलवरच्या रूपांतराच्या ॲपबद्दल दोन शब्द. वापरा, पण यादीतलं नाव नीट निवडा. 'किलोग्रॅम' वस्तुमानाच्या यादीत असतं, 'किलोग्रॅम-फोर्स' बलाच्या. 'टन-फोर्स' बहुधा तीन असतात: मेट्रिक, शॉर्ट आणि लाँग. शॉर्ट म्हणजे ८.९० किलोन्यूटन, लाँग ९.९६, आपला मेट्रिक ९.८१. घाईत चुकीच्या ओळीवर बोट पडलं तर शॉर्ट टनाने नऊ टक्क्यांहून जास्त घसरण होते. आणि इंग्रजी 'एम' लहान की मोठा ते बघा: लहान एम मिलि, मोठा एम मेगा. दोघांत एक अब्जपटीचा फरक. टाइप करणाऱ्याने कॅप्सलॉक चालू ठेवला होता, हे कारण ग्राहकाला सांगता येत नाही.

गोल शेवटी करा, मध्ये नाही. जुन्या डायलवर काटा अर्ध्या टनापर्यंतच वाचता येत असेल, तर उत्तरात दशांशानंतर चार आकडे मिरवू नका. ५५८.९८०५ लिहिलं म्हणून डायल अधिक बारीक होत नाही.

करून बघा

आधी स्वतः सोडवा, उत्तरं खाली आहेत.

१. ३ लाख डाइनचे ग्रॅम-बल किती?
२. ०.७५ मेगान्यूटनचे टन-बल किती?
३. १२ मिलिमीटरच्या एफई ५०० सळईचं क्षेत्रफळ ११३.१ चौरस मिलिमीटर. ५०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरला तिच्यावर किती टनांचा ताण असेल?
४. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचा कमाल रेटा ४,८०० किलोन्यूटन. एक्सएल प्रकारच्या यानाचं उड्डाणाच्या वेळचं वस्तुमान सुमारे ३२० टन. यान वर का जातं?

पहिलं: ३ न्यूटन, म्हणून ३०६ ग्रॅम-बल. दुसरं: ७५० किलोन्यूटन, ७६.५ टन-बल. तिसरं: ५६.५५ किलोन्यूटन, ५.७७ टन. दहाने भागणाऱ्यांचे ५.६६ आले असतील. चौथं: ४,८०० भागिले ९.८०६६५ म्हणजे ४८९ टन-बल. खाली ओढणारे ३२० टन, वर ढकलणारे ४८९, आणि त्यात बाजूला बांधलेल्या सहा बूस्टरचा रेटा अजून धरलेलाच नाही.